पडद्यावर फक्त नाव, पण सर्व्हरच्या उत्तरात अख्खा पत्ता: ॲपचा डेटा ‘जेसन’मधून कसा सांडतो?

मार्च 2017 मध्ये फॉलिबल नावाच्या सुरक्षा कंपनीने मॅकडोनाल्ड्सच्या ‘मॅकडिलिव्हरी’ ॲपबद्दल एक गोष्ट उघड केली. ॲपमागच्या सर्व्हरला ग्राहक क्रमांक सांगितला, की तो त्या ग्राहकाचं नाव, ईमेल, फोन नंबर, घराचा पत्ता, घराचे अचूक अक्षांश-रेखांश आणि सोशल मीडिया प्रोफाइलची लिंक परत पाठवत होता. तुम्ही कोण, हे न विचारता. ग्राहक क्रमांकही साधे, ओळीने दिलेले आकडे होते. म्हणजे एकात एक मिळवत गेलं की पुढचा ग्राहक, मग त्याच्या पुढचा. अशा 22 लाखांहून जास्त ग्राहकांची माहिती उघड्यावर होती.

पश्चिम आणि दक्षिण भारतातल्या मॅकडोनाल्ड्सचा कारभार हार्डकॅसल रेस्टॉरंट्स ही कंपनी बघते. तिचं ऑफिस तेव्हा सेनापती बापट मार्गावर, गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरांपैकी एकात होतं. मी राहतो शीवला. स्लो लोकल पकडली तर परळ तिसरं स्टेशन, तिथून पूल ओलांडला की आलंच. सिलिकॉन व्हॅलीतली नाही, आपल्या अंगणातली गोष्ट आहे, एवढंच सांगायचंय.

अशी बातमी आली की सोबत हुडी घातलेल्या माणसाचा फोटो असतो आणि मथळ्यात ‘हॅक’ हा शब्द. इथे कोणी कुलूप तोडलं नव्हतं. सर्व्हरला प्रश्न विचारला, सर्व्हरने उत्तर दिलं. प्रश्न कोण विचारतंय हे तपासलं नाही, ही पहिली चूक. तिच्यावर बरंच लिहिलं जातं. मला दुसरीबद्दल बोलायचंय, कारण ती जास्त घरगुती आहे आणि आजही रोज होते: विचारलं त्यापेक्षा किती जास्त उत्तर दिलं. बर्गर घरी पोचवायला पत्ता लागतो, मान्य. फोन नंबर लागतो, तोही मान्य. सोशल मीडिया प्रोफाइलची लिंक कशाला लागते?

हे समजायला सर्व्हरच्या आत थोडं डोकवावं लागेल. घाबरू नका, कोड लिहायचा नाहीये.

कुठल्याही ॲपचा डेटा बहुतेक वेळा टेबलांमध्ये असतो. ग्राहकांचं एक टेबल, ऑर्डरचं एक. प्रत्येक ग्राहकाची एक ओळ. जँगो, रेल्स, लाराव्हेल अशा वेब फ्रेमवर्कमध्ये या ओळीला प्रोग्राममधलं रूप मिळतं, त्याला मॉडेल ऑब्जेक्ट म्हणतात. तो ऑब्जेक्ट सर्व्हरच्या मेमरीत जिवंत असतो, पण तो तसाच्या तसा वायरवरून तुमच्या फोनपर्यंत येऊ शकत नाही. त्याला आधी साध्या मजकुरात बदलावं लागतं. त्या मजकुराचा आज सगळ्यात चालणारा साचा म्हणजे जेसन. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन प्रोग्रामरने 2001 च्या सुमारास तो पुढे आणला. महिरपी कंसात ‘नाव: किंमत’ अशा जोड्या लिहायच्या, बस्स. ऑब्जेक्टचा असा मजकूर बनवण्याला सीरियलायझेशन म्हणतात, आणि ते काम करणाऱ्या कोडला सीरियलायझर.

एक काल्पनिक ग्राहक घेऊ. त्याची अख्खी ओळ जेसन झाली तर काहीशी अशी दिसेल:

{
  "आयडी": 48213,
  "नाव": "क. ख. ग.",
  "मोबाईल": "98••••••••",
  "पत्ता": "तिसरा मजला, …, शीव पूर्व",
  "अक्षांश": 19.04••••,
  "रेखांश": 72.86••••,
  "जन्मतारीख": "1999-••-••",
  "पासवर्ड_हॅश": "…",
  "शेरा": "वारंवार ऑर्डर रद्द करतो"
}

ॲपच्या वरच्या कोपऱ्यात ‘नमस्कार, क. ख. ग.’ एवढंच दाखवायचं होतं. त्यासाठी दुसरी ओळ पुरेशी होती. बाकीच्या ओळी फोनपर्यंत आल्या, ॲपने त्या दाखवल्या नाहीत, आणि सगळ्यांना वाटलं की त्या लपल्या. पडद्यावर न दिसणं म्हणजे लपणं नाही. फोन आणि सर्व्हरमधला संवाद वाचणारी साधनं फुकट मिळतात. ब्राउझरमध्ये तर ती आधीपासून बसवलेलीच असतात.

अक्षांश-रेखांशाबद्दल एक हिशोब. दशांश चिन्हानंतर चार आकडे असले तर जागा साधारण 11 मीटरपर्यंत ठरते. सहा आकडे असले तर 11 सेंटिमीटरपर्यंत. शीव, माटुंगा, लालबागसारख्या भागात जिथे एका गल्लीत दहा इमारती खेटून उभ्या असतात, तिथे चार आकड्यांत तुमची विंगसुद्धा कळते. नाव आणि फोन नंबर सोबत असेल तर वॉचमनला विचारायचीही गरज नाही.

आता प्रश्न असा, की शहाणेसुरते इंजिनिअर सगळी ओळ पाठवतातच का? आळस हे उत्तर सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही. सुरुवात बहुतेक वेळा एका एररपासून होते.

जेसनला फारच थोडे प्रकार कळतात: मजकूर, आकडा, हो-नाही, रिकामं, यादी आणि जोड्या. तारीख नावाचा प्रकारच त्यात नाही. पैशांसाठी डेटाबेस जो नेमका दशांश प्रकार वापरतात, तोही नाही. त्यामुळे नवा प्रोग्रामर हौसेने मॉडेल ऑब्जेक्टमधली मूल्यं उचलून जेसन बनवायला जातो आणि पायथन त्याला तोंडावर सांगतो, ‘ऑब्जेक्ट ऑफ टाइप डेसिमल इज नॉट जेसन सीरियलायझेबल’. पहिल्या नोकरीत हा एरर न बघितलेला जँगोवाला मला अजून भेटलेला नाही. डेडलाइन संध्याकाळची असते. मग शोधाशोध होते, आणि सापडलेलं उत्तर साधारण दोन प्रकारचं असतं. एक: जे समजत नाही ते सरळ मजकूर करून टाक. दोन: ऑब्जेक्टच्या पोटात जे जे आहे ते सगळं एका झटक्यात जोड्यांमध्ये काढ. एरर जातो, ॲप चालतं, सगळे घरी जातात. पण ‘पोटात जे जे आहे’ त्यात पासवर्डचा हॅशही असतो आणि तो ‘शेरा’ही.

जँगोसोबत येणारी सीरियलायझेशनची सोयसुद्धा, काही न सांगता वापरली तर, मॉडेलची सगळी फील्ड देते. त्यात फ्रेमवर्कचा दोष नाही. टेबलाचा बॅकअप काढायचा, दुसऱ्या डेटाबेसमध्ये भरायचा, यासाठी ती उत्तम आहे, आणि बॅकअपमध्ये सगळंच लागतं. पण बॅकअपचं अवजार अनोळखी माणसाला उत्तर द्यायला वापरलं की घोटाळा होतो.

यावर उपाय म्हणून बहुतेक जण जँगो रेस्ट फ्रेमवर्क वापरतात. त्यात सीरियलायझरला मॉडेल कोणतं ते सांगितलं की तारीख, दशांश वगैरे भानगडी तो स्वतः निस्तरतो. सुरुवातीच्या काळात फील्डची यादी दिली नाही तरी चालायचं, सगळी फील्ड जायची. 3.3 आवृत्तीपासून यादी देणं सक्तीचं झालं: कोणती पाठवायची ते लिहा, किंवा कोणती वगळायची ते लिहा. चांगला बदल होता. पण एक पळवाट ठेवली, यादीच्या जागी ‘ऑल’ लिहिलं की पुन्हा सगळी. यूट्यूबवरच्या शिकवणीच्या व्हिडिओंत आणि आता एआयने लिहून दिलेल्या कोडमध्ये मला हे ‘ऑल’ इतक्या वेळा दिसतं, की नवीन मुलांना तोच नियम वाटत असेल तर नवल नाही. शिकवताना ते सोयीचं असतं, ओळी कमी लागतात. तोच कोड मग प्रॉडक्शनवर जातो.

‘वगळायची यादी’ मला ‘ऑल’इतकीच धोक्याची वाटते, थोडी उशिरा चावते इतकंच. समजा आज टेबलात सहा रकाने आहेत आणि तुम्ही लिहिलंत, ‘पासवर्ड सोडून सगळे’. आज ठीक. पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमने त्याच टेबलात आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ठेवायला नवा रकाना जोडला. सीरियलायझरची फाइल कोणी उघडलीच नाही, आणि नवा रकाना त्याच दिवसापासून बाहेर जायला लागला. कोड न बदलता गळती सुरू झाली. याउलट ‘नाव आणि फोटो, एवढंच’ असं लिहिलं असतं, तर नवा रकाना आतच राहिला असता. रेस्ट फ्रेमवर्कच्या कागदपत्रांतही हेच कारण देऊन स्पष्ट यादी लिहायचा आग्रह धरलाय.

आमच्या शीवचं नावच याच्याशी जुळतं. शीव म्हणजे हद्द. मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आणि साष्टी पोर्तुगीजांकडे होती, तेव्हा दोन्हींच्या सीमेवरचं हे ठिकाण. सतराव्या शतकात टेकडीवर किल्ला बांधला तो याच हद्दीवर नजर ठेवायला. सीरियलायझरकडे मी असंच बघतो. डेटाबेस आत, जग बाहेर, आणि मध्ये ती शीव. तिथल्या चौकीवर कोणाला सोडायचं याची यादी असते. ‘अमुक एक सोडून बाकी सगळ्यांना जाऊ द्या’ असा हुकूम कुठलीही चौकी चालवणार नाही.

नावाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. पायथनच्या मूळ जेसन सोयीला ‘शीव’ हा शब्द दिला, तर ती तो देवनागरीत लिहीत नाही. बॅकस्लॅश यू 0936, बॅकस्लॅश यू 0940, बॅकस्लॅश यू 0935 असे तीन संकेत लिहिते. श, वेलांटी, व. यूटीएफ-8 मध्ये तोच शब्द नऊ बाइटांत मावतो, असा लिहिला की अठरा लागतात. माहिती चुकत नाही, फोनवर पुन्हा नीट ‘शीव’च दिसतं. पण मराठी मजकुराचं ॲप असेल तर दुप्पट डेटा उगाच वाहतो. एक सेटिंग बदललं की सुटतं, आणि रेस्ट फ्रेमवर्कमध्ये ते आधीच बदललेलं आहे.

परत मुद्द्यावर. 2017 मध्ये बातमी फुटल्यावर मॅकडोनाल्ड्सकडून सांगितलं गेलं की ॲप आणि वेबसाइट क्रेडिट कार्ड, वॉलेटचे पासवर्ड किंवा बँक खात्यासारखी संवेदनशील आर्थिक माहिती साठवत नाही, आणि खबरदारी म्हणून ग्राहकांनी ॲप अपडेट करावं. हे वाचून तेव्हा अनेकांना राग आला होता. घराचा नकाशा गेला आणि हे कार्डाबद्दल बोलतायत! पण त्या उत्तरामागे तेव्हाच्या कायद्याची चौकट होती. आयटी कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ची एक यादी होती: पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्याची माहिती, बायोमेट्रिक वगैरे. नाव, फोन, पत्ता आणि घराचे अक्षांश-रेखांश त्या यादीत नव्हते. म्हणजे तुम्ही कुठल्या मजल्यावर झोपता हे जगाला कळलं तरी कागदोपत्री ‘संवेदनशील’ काही गेलं नाही.

ही फट आता बुजतेय, म्हणून हा जुना विषय आज पुन्हा काढला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. या कायद्यात ‘संवेदनशील’ आणि ‘साधा’ असा भेद नाही. ज्यावरून माणूस ओळखता येतो अशी त्याच्याबद्दलची कुठलीही माहिती म्हणजे वैयक्तिक डेटा. ‘डेटा भंग’ याच्या व्याख्येत चोरीइतकंच अपघाताने उघड होणंही येतं. आणि संमती घेतली असली तरी ती, सांगितलेल्या कामासाठी लागेल तेवढ्याच माहितीपुरती मानली जाणार. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. भंग झाला तर ज्यांचा डेटा गेला त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, मंडळाला सविस्तर अहवाल 72 तासांत.

एका आळशी ‘ऑल’ची किंमत इथवर जाऊ शकते, हे मला आवडलं. एक गोष्ट मात्र खटकते. दंडाची रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होणार. ज्याचा पत्ता फुटला त्याच्या हातात काही नाही. जुन्या आयटी कायद्याच्या कलम 43अ मध्ये निदान नुकसानभरपाई मागायची सोय होती, जरी ती ‘संवेदनशील’ माहितीपुरती असली तरी.

मॅकडिलिव्हरीची गोष्ट 2017 ला संपत नाही. डिसेंबर 2024 मध्ये एका परदेशी सुरक्षा संशोधकाने त्याच पश्चिम-दक्षिण भारताच्या यंत्रणेतल्या त्रुटी प्रसिद्ध केल्या. त्याने आधी कंपनीला कळवलं होतं आणि दुरुस्ती झाल्यावरच लिहिलं, हे नमूद करायला हवं. त्याला दुसऱ्यांच्या ऑर्डरचे तपशील बघता येत होते, डिलिव्हरीवाल्यांची माहिती दिसत होती, आणि एपीआयला पाठवायच्या विनंतीत बदल करून ऑर्डर एक रुपयात देता येत होती. एक रुपयावर सगळे हसले. पण तो आपल्या विषयाचाच उलटा प्रवास आहे. ऑब्जेक्टचा जेसन होतो तसा फोनकडून आलेल्या जेसनचा पुन्हा ऑब्जेक्ट होतो. जाताना ‘काय सोडायचं’ याची यादी लागते, तशी येताना ‘काय घ्यायचं’ याचीही. किंमत ग्राहकाच्या फोनने सांगायची गोष्टच नाही, ती सर्व्हरने आपल्या टेबलातून काढायची. 2012 मध्ये गिटहबवर एका रशियन प्रोग्रामरने अशाच सैल दारातून स्वतःची चावी रेल्स प्रकल्पाच्या खात्यात घुसवून दाखवली होती. फॉर्ममध्ये एक जादा फील्ड घातलं, सर्व्हरने ते निमूट साठवलं. एपीआयच्या धोक्यांची यादी करणाऱ्या ओवॅस्प संस्थेने 2019 मध्ये ‘जादा डेटा देणं’ आणि ‘जादा डेटा घेणं’ हे दोन वेगळे धोके मांडले होते. 2023 च्या यादीत ते एकाच मथळ्याखाली आणले. बरोबरच केलं.

‘मग आजच सगळीकडे यादी नीट करा की’ असं कोणी म्हणेल. इथे खरी अडचण आहे आणि ती तुमच्या-आमच्या फोनमध्ये आहे. वेबसाइट बदलली की सगळ्यांना नवीन दिसते. ॲपचं तसं नाही. घरातल्या मावशीच्या फोनवर तीन वर्षांपूर्वीचं ॲप असतं, कारण स्टोरेज भरलंय. ते जुनं ॲप सर्व्हरच्या उत्तरात ‘जन्मतारीख’ शोधतं. सर्व्हरने ती द्यायची बंद केली की ॲप उघडताच बंद पडतं, आणि कस्टमर केअरला फोन सुरू होतात. म्हणून टीम जुना मार्ग चालू ठेवते आणि शेजारी नवीन, नीटनेटका मार्ग बांधते. जुना ‘पुढच्या महिन्यात’ बंद करायचा असतो. तो पुढचा महिना येत नाही. एप्रिल 2019 मध्ये मुंबईच्याच जस्टडायलबद्दल एका भारतीय संशोधकाने हेच दाखवलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वापरात नसलेला जुना एपीआय सर्व्हरवर तसाच उघडा राहिला होता, 2015 पासून, आणि त्यातून दहा कोटींहून जास्त लोकांची माहिती निघू शकत होती. ॲप कधीच न टाकलेल्या, फक्त फोन करून दुकानाचा नंबर विचारलेल्या लोकांचीही.

त्यामुळे ‘ॲप अपडेट करा’ या सल्ल्यावर मी पूर्वी हसायचो तेवढा आता हसत नाही. तुमच्या अपडेटने तुमचा गेलेला पत्ता परत येत नाही, पण जुनं ॲप वापरणारे कमी झाले की जुना मार्ग बंद करायला टीमला कारण उरतं.

स्वतःचा डेटा बघायचा असेल तर लॅपटॉपवर एखाद्या सेवेच्या वेबसाइटवर लॉगिन करा, ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, ‘नेटवर्क’ टॅबमध्ये जा आणि प्रोफाइलचं पान पुन्हा लोड करा. येणारी जेसन उत्तरं तिथे वाचता येतात. पडद्यावर काय दिसतंय आणि उत्तरात काय आलंय, शेजारी ठेवून बघा. कधी कधी करमणूक होते. फक्त एक रेघ ओलांडू नका: पत्त्यातला स्वतःचा आयडी बदलून शेजारच्याचं उघडतंय का, हे ‘सहज’ करून बघायचं नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याचा डेटा काढणं आयटी कायद्याच्या कलम 43 मध्ये येतं, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. शंका आली तर कंपनीला कळवा, नाहीतर सर्ट-इनला.

नव्या कायद्यात आणखी एक हक्क आहे. तुमच्या संमतीने घेतलेली तुमची कोणती माहिती कंपनीकडे आहे आणि तिचं काय चाललंय, याचा सारांश तुम्ही मागू शकता. तोही मे 2027 मध्येच लागू होईल. मी पहिला अर्ज खाणं मागवायच्या एखाद्या ॲपलाच करणार आहे. सोशल मीडियाची ती लिंक अजून कोणी सांभाळून ठेवलीय का, बघायचंय.